शेतकऱ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देताय? या चुका टाळा

एकर-दोन एकरवाल्या घरात स्मार्टफोन असलाच तर तो पोराच्या खिशात, आणि पोरगं चाकणला. त्यामुळे गावात फॉर्म भरून देणाऱ्यांची गरज आहेच. पण त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओटीपी पटकन मिळावा म्हणून दुसऱ्याचाच नंबर देणं. आमच्याकडच्या एका मावशींच्या आधारला पुतण्याचा नंबर होता. पुतण्या कामाला गेला, सिम बदललं. पीएम किसानची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, अडली, दोन हजारांचे हप्ते थांबले. मावशींना वाटलं योजनाच बंद झाली. शेजारणीला पैसे आले तेव्हा कुठे त्यांनी विचारलं. केंद्रावर अंगठा लावला, तर खुरपून खुरपून रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. शेवटी अॅपमध्ये चेहरा दाखवून काम झालं.

म्हणून मी आधी माणसाचं स्वतःचं सिम बघतो. नसेल तर ते घ्यायचं, आधार केंद्रावर जाऊन जोडायचं, मगच फॉर्म. ओटीपी साध्या मेसेजने येतो, त्याला बटणाचा फोन पुरतो. “दोन मिनिटांत करून देतो, काकू” म्हणणाऱ्या पोरांना हे वेळखाऊ वाटतं. त्या दोन मिनिटांपायी बाईचे हप्ते अडकतात.

दुसरी चूक ई-पीक पाहणीतली, म्हणजे शेतातल्या पिकाची मोबाईल अॅपवर नोंद करण्यातली. 2021 पासून ती राज्यभर आहे, तरी लोक शेवटच्या दिवशीच जागे होतात आणि सर्व्हर फिरत बसतो. घाईत कपाशीच्या जागी मागच्या सालचं सोयाबीन चढवतात. सातबाऱ्यावर तेच येतं, आणि हमीभावाच्या खरेदीला सातबाराच बघतात. पीक उगवलं की त्याच आठवड्यात त्याच शेतात उभं राहून फोटो काढा, नोंद मोठ्याने वाचून दाखवा. चुकलं तर दुरुस्तीला 48 तास असतात. फोनच नसेल तर गावासाठी नेमलेल्या सहायकाला शेतावर न्या. पाहणी सोडून देऊ नका.

अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, पासबुक दाखवलं त्याच खात्यात जाईल असं नाही. बँकेत विचारून घ्या.

ओटीपी फोनवर कुणालाच सांगायचा नाही, ओळखीच्या आवाजालाही नाही.

पावतीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवून त्यांना काय उपयोग? प्रिंट काढा, अर्ज क्रमांक वर पेनाने ठळक लिहा आणि त्यांच्या सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवायला द्या.