खान्देशात ग्रॅव्हल सायकल चालवायची तर या चुका टाळा

पुण्या-नाशिककडून ग्रॅव्हल सायकली (माती-मुरमाच्या वाटांसाठीच्या, जाड टायरच्या) घेऊन येणाऱ्यांचा एक पक्का समज असतो: जळगाव-धुळे म्हणजे सपाटी, चढ काय तो वर सातपुड्यात. त्यातून पहिली चूक होते. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथून प्रकाशापर्यंत नदीकाठाने नकाशावर रेघ ओढायची आणि म्हणायचं, नदी पश्चिमेला वाहते, आपणही पश्चिमेला, म्हणजे सगळा उतार.

तापीचा उतार सायकलला जाणवण्याइतका नाहीच. जाणवतात त्या तिला मिळणाऱ्या नद्या. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई. शिवाय बिननावाचे नाले वेगळेच. काठाचा गाळ मऊ, त्यामुळे नाल्यांनी तो कुठे कुठे दहा-पंधरा मीटर खोल कापलाय. प्रत्येक नाल्यात उतरायचं आणि लगेच वर यायचं. मार्ग आखणाऱ्या ॲपमध्ये हे खळगे बहुतेक वेळा दिसत नाहीत, त्याचा चढाचा आलेख गुळगुळीत असतो. आणि मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर निघायचं असेल तर पहाटे पश्चिमेकडे जा आणि दुपारी वारा पाठीशी घेऊन परत या. नदीच्या अगदी काठाला चिकटण्यापेक्षा जिथे जाऊ देतात तिथे कालव्याकाठचा मुरमाचा रस्ता धरा. कालवा समतल रेषेने जातो, त्यामुळे चढ-उतार फार कमी. फाटक बंद दिसलं तर मुकाट्याने वळा.

आता माती. खान्देशात अंतर विचारण्याआधी माती विचारावी. (अंतर विचारलं तरी उत्तर एकच मिळतं: "हाई काय, आठेच शे," म्हणजे हे काय, इथेच आहे.) तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन कोरडी असली की डांबरापेक्षा सुखाची, ओली झाली की पन्नास पावलंही जाऊ देत नाही. गारा टायरला चिकटतो, त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गवत बसतं, आणि फ्रेम व टायर यांमधली फट भरून चाक जाम होतं. इथे बहुतेक जण जोर लावून पेडल मारतात. ही सगळ्यात महाग चूक. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, मातीने ओढला जाऊन स्पोकमध्ये घुसतो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडतो. चाक जड लागलं की थांबा, उतरा, सायकल खांद्यावर घ्या. बाभळीच्या काटकीने माती खरवडून काढा. बोटांनी काढत बसाल तर तास जाईल. हँगर मोडलाच तर डिरेलर काढून चेन आखूड करायची, मागच्या मधल्या एका दातेरी चकतीवर सरळ रेषेत बसवायची आणि एकाच गिअरवर डांबरी रस्ता गाठायचा. त्यासाठी चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी जवळ हवी. तालुक्याच्या सायकल दुकानात साध्या सायकलचं सगळं होतं, पण तुमच्या मॉडेलचा हँगर तिथे मिळणार नाही. एक जादा हँगर पिशवीत ठेवाच.

चिखल फक्त पावसाळ्यात असतो हाही गैरसमज. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीपट्ट्यात बाराही महिने पाणी चालू असतं, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत ते साचतं. पांझरेकाठी फड पद्धतीचे जुने बंधारे आणि पाट आहेत; पाटाला पाणी सुटलं की जानेवारीतही पायवाट निसरडी. शेताच्या कडेने ठिबकच्या नळ्या आडव्या गेलेल्या असतील तर उतरून सायकल उचलून न्या. त्या नळ्यांवर शेतकऱ्याचा पैसा आहे, आणि त्या फाटल्या तर पुढच्या सायकलवाल्याला त्या बांधावरून कोणी जाऊ देणार नाही. धुऊन काढायची घाईही नको. मोटारसायकल धुण्याचा जोराचा फवारा बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. माती वाळू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा.

सातपुड्यात उलट गोष्ट. तिथला मुरूम आणि कातळ पाणी झटकन सोडतो, पाऊस उघडल्यावर वाट लवकर चालू होते. पण दगड धारदार. धुळे-नंदुरबारच्या भागातही पूर्व-पश्चिम पसरलेल्या कातळाच्या लांबच लांब भिंती आहेत. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गाडवाटा त्या ओलांडतात आणि टायरच्या कडा तिथे कापतात. मंडळी टायरमधला हवेचा दाब डांबरी रस्त्यावरचा, 50-60 पीएसआय, तसाच ठेवून येतात. 70-75 किलोच्या माणसाला 40-45 मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये साधारण 28 ते 35 पुरतात. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. बाभळीचे काटे आणि सराटे पाहता ट्यूबलेस बरं, एवढं मी ठामपणे सांगेन. फक्त आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, इथल्या उन्हात लवकर सुकतं. मार्चपासून महिना-दीड महिन्याने टायर उघडून बघा.

तोरणमाळचं स्वप्न सगळ्यांचंच. शहाद्यापासून वरपर्यंत सुमारे हजार मीटर चढ आहे, आणि सातपायरी घाटातली वळणं शेवटी येतात, पाय संपल्यावर. रस्त्याच्या सायकलचे गिअर तसेच ठेवून, त्यावर सामानाच्या पिशव्या लादून जाऊ नका. पुढे पेडलजवळची चकती (चेनरिंग) 40 दात्यांची असेल तर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला निदान 42 हवेत. पायथ्याला शेवभाजीवर ताव मारून घाट चढायला घेणंही टाळा. भाजी उत्तम असते, पण तिची तर्री तिसऱ्या वळणावर आठवण करून देते. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. डिस्क तापते, पकड कमी होते. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा.

जंगलात शिरण्याबद्दल जरा कडक बोलतो. यावल, अनेर धरण, गौताळा औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 नुसार तिथे मनमानी प्रवेश नाही. ॲपवर कोणाची तरी फेरी दिसते म्हणजे वाट खुली आहे असं नव्हे. पाल गावाकडून किंवा पाटणादेवीकडून आत जायचं तर आधी वन विभागाच्या कचेरीत विचारा, आणि सांगितलेली वाट सोडू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. पहाटे बायाबापड्या टोपल्या घेऊन वेचायला येतात, अस्वलंही येतात. उतारावर येणाऱ्या सायकलची चाहूल उशिरा लागते; वळणावर घंटी वाजवा. झाडाखालचा पाला पेटवलेला असतो, धूर दिसला तर दुसरी वाट धरा.

नदी ओलांडताना सकाळचं पाणी संध्याकाळी तसंच असेल असं धरू नका. गिरणेचं पात्र हिवाळ्यात कोरडं दिसतं, पण धरणातून आवर्तन सुटलं की तुमची वाट पाण्याखाली जाते. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या फरशीपुलांचं तेच. आदल्या दिवशी गावात कोणालाही विचारा, आवर्तनाची तारीख शेतकऱ्याला तोंडपाठ असते. फरशीवर शेवाळ असतं, म्हणून उतरून चाला. पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल तर सायकल उचला, तळ दिसत नसेल तर मागे फिरा. गिरणाकाठच्या वाळूच्या वाटांवर भल्या पहाटे भरधाव ट्रॅक्टर-डंपर असतात. उजाडल्यावरच तिकडे जा.

ठेलारी मेंढपाळांच्या वाड्याजवळून वेगात जाऊ नका. कुत्री कळप राखायलाच ठेवलेली असतात. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा, मेंढपाळाला हाक मारा. रात्री शेतातल्या वाटा टाळा, कारण रानडुकरांसाठी झटका मशीनच्या तारा लावलेल्या असतात आणि हेडलाइटच्या उजेडात त्या दिसत नाहीत.

धडगाव-मोलगीच्या डोंगरात मोबाइलला रेंज जाते-येते. नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि रस्त्यावर दिसेल त्या हापशावर बाटल्या भरा, पुढच्या गावाच्या भरवशावर राहू नका. पंक्चरवाला जवळपास प्रत्येक मोठ्या गावात भेटतो, पण त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड तुमच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. त्या व्हॉल्व्हसाठीचं पितळी ॲडॅप्टर अगदी थोड्या पैशांत मिळतं, तेवढं घरूनच घेऊन निघा. ट्यूबलेसला मोठा काप पडला तर त्याच्याकडची मोटारसायकलची जाड पट्टीही सायकलच्या टायरला चालत नाही. सायकलच्या बारीक पट्ट्या स्वतःच्या ठेवा, नाहीतर एक ट्यूब.