पुण्याच्या रस्त्यांसाठी रेसिंग सायकलचे टायर कसे निवडावेत

टायर विकत घ्यायला जाण्यापूर्वी, आपण आठवड्याभरात कोणकोणत्या रस्त्यांवर किती किलोमीटर सायकल चालवतो हे एका कागदावर लिहून काढावे. पुण्यातील बहुतेकांच्या यादीत पाषाण–सूस, खडकवासल्यावरून सिंहगड, बोपदेव घाट, कात्रज आणि जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने लोणावळा हीच नावे येतील. या रस्त्यांवर गुळगुळीत डांबर लागते, तसेच काँक्रीटचे सांधे, घाटातील वळणांवर वाहून आलेली बारीक खडी, कडेच्या मातीतले सराटे आणि बाभळीचे काटे हेही लागतात. ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधून सुटलेल्या केसाएवढ्या तारा महामार्गाच्या कडेला पडलेल्या असतात, आणि मला त्यांचेच भय सर्वाधिक वाटते. म्हणून सर्वांत वेगवान टायर कोणता, हे विचारण्याऐवजी या यादीतील रस्त्यांवर शेवटपर्यंत वेगवान राहील असा टायर कोणता, हे पाहावे.

त्यानंतर माप ठरवावे. टायरच्या बाजूवर ७००×२८ किंवा २८-६२२ असे छापलेले असते. त्यातील ६२२ हा टायरची कड रिमवर जिथे बसते तेथील व्यास मिलिमीटरमध्ये असतो आणि तो रिमशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. २८ ही टायरची रुंदी असून निवडीला वाव तिथेच आहे. अरुंद टायर आणि दगडासारखी टणक हवा म्हणजे वेग, अशी समजूत अनेक वर्षे होती, आणि २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये १२० पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड, हे हवेच्या दाबाचे माप) हवा भरणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात, हवेचा दाब सारखा असेल तर रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आखूड आणि रुंद होतो, त्यामुळे टायरची बाजू कमी वाकते आणि शक्ती कमी वाया जाते. व्यावसायिक शर्यतींमध्येही २३ वरून २५ आणि २५ वरून २८ असा प्रवास याच कारणाने झाला. माझा सल्ला असा की, सायकलमध्ये जागा असेल तर पुण्यात २८ मिलिमीटरच घ्यावा. जागा मोजताना टायर आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा), तसेच टायर आणि मागील चौकट यांच्यामध्ये चोहोबाजूंनी किमान चार मिलिमीटर अंतर राहते ना, हे पाहावे. जुन्या रिम ब्रेकच्या अनेक सायकलींत २५ च्या पुढे टायर बसत नाही, आणि तिथे ओढूनताणून २८ बसवणे धोक्याचे ठरते. शिवाय रुंद रिमवर टायर छापील मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर फुगतो, हेही हिशेबात धरावे.

टायरचा खरा कस त्याच्या केसिंगमध्ये, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या कापडात असतो. चाक फिरताना टायरचा टेकलेला भाग सतत दबतो आणि पुन्हा फुगतो. या प्रत्येक दबण्यात थोडी शक्ती उष्णता होऊन निघून जाते, आणि केसिंग जितके लवचीक तितकी ही गळती कमी होते. दुकानात टायर हातात घेऊन त्याची बाजू अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चिमटून पाहावी. रेसिंगच्या उत्तम टायरची बाजू सुती कापडासारखी सहज दुमडते, तर रोजच्या सरावाचा जाड टायर जुन्या पट्ट्याच्या चामड्यासारखा ताठ लागतो. खोक्यावर टीपीआय, म्हणजे एका इंचातील धाग्यांची संख्या, दिलेली असते. मात्र काही कंपन्या एका थराचे धागे मोजतात आणि काही सर्व थरांची बेरीज छापतात, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून फसू नये.

लवचीकपणाची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते, आणि निवडीतील खरी ओढाताण येथे आहे. ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांमध्ये चांगला रेसिंग टायर साधारण १० ते १२ वॅट खातो, तर पंक्चरविरोधी जाड टायर २० वॅटच्या आसपास जातो. दोन्ही चाकांचा फरक धरल्यास २०० वॅटने पायडल मारणाऱ्याला तो चांगलाच जाणवेल. कॉन्टिनेंटलचा ग्रां प्री ५००० हा टायर २०१८ मध्ये आला. त्याच्या धावेखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, व्हेक्ट्रान या मजबूत कृत्रिम धाग्यांचा पातळ पट्टा असल्यामुळे त्यात वेग आणि संरक्षण यांचा मेळ बसतो. त्याच कंपनीचा गेटरस्किन बाजूंनाही चिलखत चढवतो आणि त्या प्रमाणात जड चालतो. केवळ टाइम ट्रायलसाठी (एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीसाठी) बनवलेले कागदासारखे पातळ टायर मात्र आपल्या रस्त्यांवर सरावाला वापरू नयेत. ज्याला परवडेल त्याने सरावासाठी टिकाऊ आणि शर्यतीसाठी हलकी अशा दोन जोड्या ठेवाव्यात. एकच जोडी घ्यायची असेल, तर धावेखाली पंक्चररोधक पट्टा असलेला सर्वसाधारण रेसिंग टायर घ्यावा. पावसाळ्यासाठी खोल नक्षीचा टायर शोधण्याची गरज नाही, कारण सायकलच्या टायरचा टेकणारा भाग इतका लहान असतो की तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या रस्त्यावरची पकड रबराच्या प्रतीवर आणि दाबावर अवलंबून असते.

ट्यूबच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर नेहमीची ब्यूटाइल (कृत्रिम रबराची) ट्यूब स्वस्त आणि भरवशाची असते. लेटेक्स (नैसर्गिक रबराची) ट्यूब थोडी वेगवान असली तरी तिच्यात रोज हवा भरावी लागते. टीपीयूची (लवचीक प्लास्टिकची) ट्यूब अतिशय हलकी असून बरोबर नेण्यास सोयीची असते. ट्यूबलेसमध्ये, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, तारेने पडलेले बारीक भोक सीलंटने (टायरच्या आत ओतलेल्या चिकट द्रवाने) चालता चालता बुजते, हा आपल्याकडे मोठाच फायदा आहे. मात्र उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी ते तपासून पुन्हा भरावे लागते. रिम हुकलेस असेल, म्हणजे टायरची कड अडकवणारा आतला आकडा तिला नसेल, तर हुकलेससाठी मान्यता असलेलाच टायर घ्यावा आणि ७२.५ पीएसआयची मर्यादा कधीही ओलांडू नये.

आता हवेचा दाब. टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि तेवढी हवा भरावी असा त्याचा अर्थ होत नाही. फार टणक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत वेग गमावतो. बोपदेवच्या उतारावर मागचे चाक वळणात टकटक उडू लागले, तर दाब जास्त आहे असे समजावे. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने २५ मिलिमीटरच्या मागील टायरमध्ये ८० ते ८५ आणि २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआयपासून सुरुवात करावी. पुढच्या चाकात चार-पाच पीएसआय कमी ठेवावेत, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो. तेथून दोन-दोन पीएसआय कमी-जास्त करून पाहावे. रिम खड्ड्याच्या कडेला आपटल्याचे जाणवले, तर दाब फार उतरवला आहे. पावसात आणखी पाच पीएसआय कमी करावेत.

टिकाऊपणा विकत घेतल्यानंतरही तो राखावा लागतो. एकदा वडगाव मावळच्या अलीकडे माझे मागचे चाक बसले. घाईने नवी ट्यूब घातली आणि दोन किलोमीटरवर तीही बसली. तार टायरमध्येच राहिली होती, आणि बोटाने चाचपूनही ती लागत नव्हती. अखेर हातमोज्याच्या मऊ कापडाने टायर आतून पुसला, तेव्हा कापडाचा एक धागा अडकला आणि मिलिमीटरभर वर आलेले टोक दिसले. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापसाचा बोळा आणि एक छोटा चिमटा असतो. प्रत्येक लांब फेरीनंतर चाक हळूहळू फिरवून धावेत रुतलेली काच आणि खडे टोकदार वस्तूने काढून टाकावेत. ते लगेच पंक्चर करत नाहीत, तर फेरीगणिक आत सरकत जातात, आणि ओल्या रस्त्यावर काच रबराला अधिक सहज कापते.

अनेक टायरांच्या धावेवर झीज दाखवणारी बारीक भोके असतात. ती दिसेनाशी झाली, धाव मधोमध सपाट झाली किंवा बाजूचे धागे उघडे पडले, तर टायर बदलावा. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो. तो बाद झाला की नवा टायर पुढच्या चाकावर चढवावा आणि पुढचा जुना टायर मागे आणावा, कारण सिंहगडाच्या उतारावर मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही.