श्वासनलिकेच्या पेशींना जिवाणू किती चिकटले? मोजताना या चुका टाळा

चोवीस वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये पेशींचा थर वाढवायचा, त्यावर जिवाणू सोडायचे, तासाभराने धुवायचं, पेशी फोडायच्या आणि उरलेले जिवाणू प्लेटवर वाढवून त्यांच्या कॉलनी (दिसणारे ठिपके) मोजायच्या. चाचणी एवढीच. मात्र मोजलेला जिवाणू खरंच पेशीला धरून होता का, इथे गाडी अडते.

सगळ्यांत जास्त फसवतं ते प्लास्टिक. स्टॅफिलोकोकस, स्युडोमोनास हे जिवाणू वेलच्या तळालाही घट्ट चिकटतात. थर ८० टक्केच भरला असेल तर मोकळ्या जागेवरचे जिवाणूही तुमच्या आकड्यात येतात. थर पूर्ण भरू द्या आणि दर वेळी ३ वेल पेशींविना ठेवा. त्यांनाही तेच मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), तेच वॉश. तिथला आकडा पेशींच्या वेलच्या जवळ आला तर प्रयोग बाद. वजाबाकी करून तो वाचवू नका. उघडं आणि झाकलेलं प्लास्टिक सारखं नसतं.

आदल्या दिवशी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं नसलेलं मीडियम घाला. हे विसरलात तर जिवाणू चिकटण्याआधीच मरतात आणि आपण ‘चिकटत नाही’ असं लिहून मोकळे होतो.

वॉशसाठी कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं, ३७ अंशांचं पीबीएस (धुण्यासाठीचं क्षारांचं द्रावण) घ्या. ते क्षार नसले की पेशींची आपसातली पकड सुटते आणि अख्खा थर पिपेटमध्ये येतो. धार वेलच्या भिंतीवर सोडा. ३ ते ५ वॉश, दर वेळी अर्धा मिली. शेवटी थर मायक्रोस्कोपखाली बघाच.

वेलमध्ये २ लाख पेशी आणि पेशीमागे १० जिवाणू धरले तर २० लाख जिवाणू लागतात. ओडीवरून (द्रावणाच्या गढूळपणाच्या मापावरून) अंदाज बांधू नका, सोडलेला कल्चर (वाढवलेले जिवाणू) त्याच दिवशी प्लेटवर मोजा. गुच्छात वाढणारा स्टॅफिलोकोकस एका कॉलनीत कितीतरी जिवाणू लपवतो. न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जिवाणू) शिळा झाला की स्वतःच्याच एन्झाइमने विरघळतो, म्हणून तो वाढीच्या ऐन भरात घ्या. पेशी फोडायला डीऑक्सीकोलेट (साबणासारखा पित्तक्षार) वापरलंत तर तोही फुटतो. नुसते जिवाणू त्या द्रावणात १० मिनिटं ठेवून, आधी-नंतर मोजून खात्री करा.

आता आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढे जातो. लाईट गेली, एसी बंद पडला आणि इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर चालू राहिला, तर तो ३७ वर थांबत नाही. साध्या इन्क्युबेटरला तापवता येतं, थंड करता येत नाही. खोली चाळिशीला गेली की आतही चाळिशीच. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि उन्हाळ्यात प्रयोग सकाळी उरका.

पेशी कोणत्या घेता हेही बघा. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए५४९ पेशी फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या ट्यूमरमधून आलेल्या आहेत. त्यांच्यावर सिलिया (हलणारे सूक्ष्म केस) नसतात. डांग्या खोकल्याचा बोर्डेटेला सिलियांनाच जास्त पसंती देतो. त्याच्यासाठी पेशी जाळीच्या इन्सर्टवर, वरून हवा आणि खालून मीडियम देऊन ३ ते ४ आठवडे वाढवाव्या लागतात.