विंडोज परत टाकताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून फॉरमॅटला येणारी मशीन वाढलीत आणि चुका मात्र त्याच त्याच.

पहिली म्हणजे "बॅकअप आहे ना, डी ड्राइव्हला टाकलाय". अहो, बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात! आमच्याकडे लग्नपत्रिका करणारे एक डीटीपीवाले काका आहेत, त्यांच्या भाच्याने व्हिडिओ बघून विंडोज टाकायला घेतलं. सेटअपमध्ये सी-डी अशी अक्षरं येत नाहीत, ड्राइव्ह ०, पार्टिशन १, २, ३ असं दिसतं, व्हिडिओत सगळी डिलीट केली म्हणून यानेही केली. मी पोचलो तेव्हा काका स्टुलावर बसून नुसते स्क्रीनकडे बघत होते. मी आधी मशीन बंद केलं. जुनी हार्ड डिस्क होती म्हणून रिकव्हरीत थोड्या फाइली निघाल्या, पण नावं, फोल्डर सगळं गेलेलं, एसएसडी असती तर ट्रिममुळे (पुसलेल्या डेटाची जागा लगेच साफ करायची सोय) बहुतेक तेवढंही हाती लागलं नसतं. त्यात श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट गेलेले, त्यामुळे 'शुभविवाह' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. फॉन्टचाही बॅकअप घ्यायचा असतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझी सवय सांगतो. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा, ती दुसऱ्या मशीनला लावून एक फोटो, एक जुनी फाइल आणि टॅलीची कंपनी उघडून बघायची, मग डिस्क काढून कपाटात. त्यानंतरच बूटेबल पेनड्राइव्हला, म्हणजे ज्यावरून विंडोज टाकायचं त्याला, हात लावायचा. याला तासभर जास्त जातो, जाऊ दे. "दहा मिनिटात विंडोज" वाल्यांचं ऐकू नका.

पेनड्राइव्ह कमीत कमी ८ जीबीचा लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो, त्यात काही ठेवू नका.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेली फाइल मशीनवर नसतेच, आधी डाउनलोड करा.

सेटअपमध्ये डिस्क दिसत नाही म्हणून ती मेली असं समजू नका, नव्या इंटेल लॅपटॉपना बऱ्याचदा आरएसटी, म्हणजे इंटेलचा डिस्कसाठीचा ड्रायव्हर, सेटअपला वेगळा द्यावा लागतो.

आणि डेटा परत टाकताना कट-पेस्ट अजिबात नको, कॉपीच करा. मी बाहेरच्या डिस्कवरचं महिनाभर काही पुसत नाही, कारण "ती एक एक्सेल फाइल सापडत नाहीये" हा फोन पंधरा दिवसांनी येतोच.