रोमन साम्राज्याची लोकसंख्या किती? अंदाज असा बांधा

जुना आकडा शोधायचा आणि गुणायचा, एवढ्यावर अंदाज निघत नाही. गुणण्याआधी विचारा: मोजलं कोणाला? सगळा हिशेब त्या उत्तरावर उभा राहतो.

सुरुवात पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या शिरगणतीपासून करा. तिचे आकडे तुर्कस्तानात अंकाऱ्यातल्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहेत. इ.स.पू. २८ मध्ये रोमन नागरिक ४०,६३,०००. आता याशेजारी इ.स.पू. ७०ची गणती ठेवा: सुमारे ९,१०,०००, आणि तेव्हा मोजत फक्त प्रौढ पुरुष. चाळीसेक वर्षांत चौपटीहून जास्त? मधल्या काळात उत्तर इटलीत पो नदीपलीकडच्या लोकांना नागरिकत्व मिळालं, पण तेवढ्याने ही वाढ भरून निघत नाही.

म्हणून दोन्ही शक्यता मांडून बघा. ऑगस्टसने बायकामुलंही मोजली असतील, तर नागरिक चाळीस लाखांच्या आसपासच राहतात. फक्त प्रौढ पुरुष मोजले असतील, तर ते साधारण एक तृतीयांश धरून नागरिक सव्वा कोटीच्या घरात जातात. इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. मला पहिली शक्यता जास्त पटते, कारण दुसरी धरली तर इटलीत फारच दाटी होते. गुलाम या गणतीत नाहीत, ते वेगळे मिळवा.

मग प्रांत घ्या. इजिप्तसाठी जोसेफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार अलेक्झांड्रिया वगळून ७५ लाख सांगतो आणि डोईपट्टीचा दाखला देतो. पुरावा भक्कम वाटतो ना? तरी ताडून पाहा. १८८२च्या जनगणनेत अख्ख्या इजिप्तची लोकसंख्या सुमारे ६८ लाख भरली. तीच नाईलकाठची जमीन रोमन काळात त्याहून जास्त लोक पोसत होती, हे मानणं कठीण आहे. बरेच अभ्यासक ५० लाखांच्या आसपास थांबतात.

गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपास), हिस्पानिया (स्पेन-पोर्तुगाल), आशिया मायनर (आजचं तुर्कस्तान) यांच्यासाठी थेट गणती हाती नाही. तिथे क्षेत्रफळ आणि दर चौरस किलोमीटरमागे माणसं असा ढोबळ हिशेब करा.

बेरीज आली की एक आकडा न देता पल्ला द्या. इ.स. १४ साठी इतिहासकार ब्रूस फ्रायर साडेचार कोटींच्या थोडा वर जातात, त्यांच्या आधीचे इतिहासकार बेलोख ५.४ कोटी सांगतात. वर्ष लिहायला विसरू नका. फ्रायर १६४ साठी सहा कोटींवर पोचतात, आणि १६५च्या सुमारास अँटोनाइन साथ, म्हणजे साम्राज्यभर पसरलेली जीवघेणी रोगराई, सुरू झाली. १६४चा आकडा १८० ला लावता येत नाही.