मार्चमध्येच लॅपटॉपचं हे उरकून घ्या

होळी झाली की उन्हाळ्याआधी लॅपटॉपच्या साफसफाईला लागा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो आणि बरेचसे लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचे म्हणून बनवलेले असतात. वर पत्रा असेल तर बोलायलाच नको.

गादीवर, चादरीवर ठेवायचा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. टेबल घ्या, मागच्या कडेखाली जुनी वही सरकवा म्हणजे खालून हवा जाईल. कूलिंग पॅडची (लॅपटॉपखाली ठेवायच्या पंखेवाल्या स्टँडची) घाई नको.

आधी जाळी. बाहेर दिसतात ती भोकं नव्हे, आतली जाळी. पंखा जिथे गरम हवा फेकतो तिथे धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि पंखा व पट्ट्यांच्या मध्ये कचरा अडकतो. आपल्याकडे ती नुसती धूळ नसते. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला किंवा कुठल्याही यंत्रमागाशेजारी राहत असाल तर हवेत सुताचे तंतू असतातच, ते तिथे नमद्यासारखे दाबून बसतात. वरून ब्रश फिरवला की मशीन चकाचक दिसतं, आत नमदा तसाच. गेल्या उन्हाळ्यात मी पॅड आणलं, टेबल खिडकीपासून हलवलं, जाळी तेवढी राहिली. पंखा जूनपर्यंत बोंबलत होता.

म्हणून मागचं झाकण उघडायचंच. चार्जर काढा, आत बॅटरीची वायर सोडवा, मग हात घाला. हात धजत नसेल किंवा वॉरंटी असेल तर दुरुस्तीला द्या, पण समोर बसा आणि पंखा काढून जाळी दाखवायला सांगा. ‘ब्लोअर मारलाय’ यावर पैसे देऊ नका! ब्लोअर मारताना पातं काडीने अडवून धरायचं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. उघडलंच आहे तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (त्याची उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप) बघून घ्या, सुकली असेल तर बदला.

जाळी झाली? नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के करा. बहुतेक मशीनवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा आपोआप वाढणारा जादा वेग, बंद होतो, वेग थोडा कमी, उष्णता बरीच कमी. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा. भरलेली बॅटरी तापत राहिली की आयुष्य घटतं. कूलरच्या तोंडाशी बसू नका. फ्रिज तर नकोच, आत पाणी धरतं. उन्हातल्या गाडीत ठेवायचा नाही. जड कामं सकाळी.

आणि दिवाळीच्या साफसफाईत जाळी पुन्हा.