फोटोबुक स्वतः छापताना: आधी कागद, मग फोटो

स्वतःचं फोटोबुक काढायचं ठरलं की बहुतेक जण लगेच फोटो निवडायला बसतात. मी नवख्यांना नेहमी उलटा क्रम सांगते. पुस्तकाचा आकार, पानांची संख्या, कागद आणि बाइंडिंग आधी ठरवा. कुठला फोटो मोठा लागेल, कुठला लहान, कुठला गाळावा लागेल, हे त्यावरूनच ठरतं. शिवाय वाचकांना पाठवायच्या पार्सलचं वजनसुद्धा तिथेच ठरतं.

वजनाचा हिशेब सोपा आहे. ए४ आकाराचा एक कागद म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. 150 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅम) कागदावर 96 पानी पुस्तक असेल तर आत दोन्ही बाजूंनी छापलेले 48 कागद, म्हणजे 450 ग्रॅम. त्यात पुठ्ठ्याचं कव्हर आणि खोका धरा. कुरिअरच्या दराचा पुढचा वजनाचा टप्पा थोडक्यासाठी ओलांडला जात असेल, तर आकार किंचित कमी करणं किंवा 130 जीएसएम घेणं हे छपाईच्या आधीच सुचलेलं बरं.

पानं चारच्या पटीत लागतात, शिलाईचं पुस्तक असेल तर बहुधा आठ किंवा सोळा पानी फर्म्याच्या (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचाच्या) हिशेबात. मधे पिना मारलेलं पुस्तक स्वस्त पडतं, पण पानं वाढली की ते नीट मिटत नाही. नुसत्या गोंदाच्या बाइंडिंगला सपाट कणा मिळतो, मात्र पुस्तक पूर्ण उघडत नाही. दोन पानांवर पसरलेल्या फोटोचा मधला भाग तिथे आत जातो. म्हणून मधोमध चेहरा असलेला फोटो अशा पुस्तकात एकाच पानावर घ्यावा. दोऱ्याची शिलाई महाग असली तरी ज्या पुस्तकात रुंद दृश्यं जास्त आहेत तिथे मी तिचाच आग्रह धरते. छापखान्याला आणखी एक गोष्ट जरूर विचारा: कागदाचे तंतू कण्याला समांतर आहेत ना? आडवे असतील तर पानं ताठ उभी राहतात आणि पुस्तक हातात बसत नाही.

आता फोटो. छापील आकाराला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरा. 10 बाय 8 इंचाच्या पानाला 3000 बाय 2400 पिक्सेल लागतात, तर दोन पानांवरच्या फोटोला 6000 बाय 2400. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून साधारण 6000 बाय 4000 मिळतात, म्हणजे तेवढ्यात भागतं. पण क्रॉप करून रुंदी कमी केली असेल तर नाही. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी सहसा 3 मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये कापला जाणारा फोटोचा जादा भाग सोडायचा.

सर्वांत जास्त वेळ मात्र प्रूफला, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीला द्या. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद फक्त परतवतो, त्यामुळे छापलेला फोटो जवळजवळ नेहमीच अधिक गडद वाटतो. माझ्या पुस्तकात पहाटेच्या होडीचा एक फोटो आहे. स्क्रीनवर होडीच्या सावलीतला दोर, त्याचा पीळसुद्धा दिसत होता. पहिल्या प्रूफवर तिथे सपाट काळा रंग उतरला होता. फक्त सावल्या थोड्या उजळून घेतल्या आणि दुसऱ्या प्रूफवर दोर आला. कोटिंग नसलेल्या कागदावर शाई पसरते, तिथे हे आणखी जाणवतं. तरी मऊ, शांत कृष्णधवल फोटोंना तोच कागद शोभतो असं माझं ठाम मत आहे. प्रूफ त्याच कागदावर, त्याच मशीनवर मागा आणि दिवसाच्या उजेडात बघा. घरच्या प्रिंटरवरची डमी पानांचा क्रम ठरवायला उत्तम, रंग ठरवायला नाही.

थोड्या प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, प्लेट आणि मशीनच्या जुळणीचा खर्च सुरुवातीलाच येतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा दर प्रतीचा दर उतरतो. स्वस्त पडतात म्हणून जास्त छापू नका. आधी मागणी नोंदवून घ्या. मागणीनुसार एकेक प्रत छापून थेट वाचकाला पाठवणाऱ्या सेवाही आहेत. साठा ठेवावा लागत नाही, पण प्रत तुमच्या नजरेखालून जात नाही. तिथे निदान पहिली प्रत स्वतःच्या पत्त्यावर मागवून बघा.

गठ्ठे घरी आले की लगेच पाठवायला घेऊ नका. प्रत्येक प्रत चाळा: उलटा लागलेला फर्मा, शाईचा डाग, वाकडं कटिंग. सदोष प्रती बदलून द्यायची मुदत आधीच लेखी ठरलेली असावी. पाठवताना प्रत आधी प्लास्टिकमध्ये, कारण ओल लागली की आर्ट पेपरची (कोटिंग असलेल्या गुळगुळीत कागदाची) पानं एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. मग कोपऱ्यांना जाड पुठ्ठा आणि बाहेर असा खोका, की हलवल्यावर आत काहीच सरकणार नाही. मार बहुतेक वेळा कोपऱ्यालाच बसतो. अनेक कुरिअर खोक्याच्या आकारमानावरूनही दर लावतात, म्हणून पुस्तकाच्या मापाचेच खोके बनवून घ्या. एक पार्सल भरून कंबरेच्या उंचीवरून प्रत्येक कोपऱ्यावर टाकून बघा, आणि प्रत शाबूत निघाली तरच बाकीची बांधायला घ्या. बदली म्हणून काही प्रती बाजूला असाव्यात, त्या विक्रीच्या आकड्यात धरू नका.